आधी मान, मग पाऊल

उदय गायधनींना पळता न येणाऱ्या माणसाचा कधी राग आला नाही. राग यायचा तो उत्तम पळता येऊनही मोकळं न होणाऱ्या माणसाचा. असे तीन जण त्यांच्या संघात होते, आणि त्या तिघांनी मिळून सहा वर्षं गायधनींचं रक्त आटवलं होतं.

गायधनी मूळचे नाशिकचे, वय सत्तावन्न, सौदी अरेबियातल्या जुबैलमध्ये एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सेफ्टी इंजिनियर. पस्तिशीत असताना कंपनीने त्यांना दीड वर्ष ह्यूस्टनला धाडलं होतं. माणसं तिकडून परफ्यूम आणतात, चॉकलेटं आणतात. हे अमेरिकन फुटबॉल घेऊन आले. जुबैलमध्ये त्या खेळाचं सोज्वळ रूप खेळतात, फ्लॅग फुटबॉल. एका बाजूला पाच जण. पाडापाडी नाही, धक्काबुक्की नाही. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोन फडकी लटकतात आणि चेंडू ज्याच्या हातात असेल त्याचं फडकं ओढलं की खेळ तिथंच थांबतो. एक जण चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. बाकीचे पळत जाऊन तो झेलतात, ते रिसीव्हर. समोरच्या संघाचे डिफेंडर या रिसीव्हरांना चिकटून असतात, त्यांना हातभर अंतरही मिळू देत नाहीत. ते हातभर अंतर मिळवायचं कसं, एवढंच काय ते गायधनी शिकवत होते, आणि तेवढंच कुणाला जमत नव्हतं.

दर जानेवारीत जुबैलच्या कारखान्यांची स्पर्धा भरायची. सहा वर्षांत गायधनींचा संघ चार वेळा एकाच संघाकडून हरला होता, आणि तो संघ म्हणजे शेजारचा खतांचा कारखाना. त्यांच्याकडे फहाद नावाचा एक सौदी डिफेंडर होता, चाळिशीचा, पोट किंचित सुटलेला, अमेरिकेत शिकताना हा खेळ खेळून आलेला. पळण्यात तो गायधनींच्या सगळ्यांत वेगवान रिसीव्हरच्या, इब्राहीमच्या, जवळपासही नव्हता. तरी इब्राहीमकडे फेकलेला चेंडू दर वेळी आधी फहादच्याच हाताला लागायचा. आणि येत्या मार्चअखेर गायधनींचं कंत्राट संपत होतं. फायनल एक्झिटचा शिक्का मारून ते कायमचे नाशिकला जाणार होते. म्हणजे फहादला हरवायचं तर या जानेवारीत, नाहीतर कधीच नाही. हे त्यांनी बायकोला सांगितलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं, केस कापणाऱ्यालाही सांगितलं होतं.

डिसेंबरात खतवाल्यांशी एक मैत्रीचा सामना झाला. गायधनींनी सामन्याआधी पोरांना, म्हणजे तिशी-चाळिशीतल्या त्या बाप्यांना, पुन्हा सगळं समजावलं. डिफेंडरच्या अंगावर सरळ धावत जा. तो मागे मागे सरकेल. त्याची कंबर एका बाजूला वळेपर्यंत वळू नका. ती वळली, की उलट्या बाजूला तुटा. कंबर फिरवून पुन्हा मागे यायला माणसाला एक क्षण लागतो, तेवढा क्षण आपल्याला पुरतो. ताकाला तूर लागू देऊ नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मैदानात जाऊन इब्राहीम सरळ धावला, सुरेख धावला, उजवीकडे तुटला, आणि फहाद तिथे आधीच उभा होता. दुसरा रिसीव्हर मनीष डावीकडे तुटला, तिथेही त्याचा डिफेंडर हजर. इंद्रनीलने, म्हणजे त्यांच्या पुणेकर क्वार्टरबॅकने, हात वर करून नुसतं गायधनींकडे पाहिलं. फेकू कुणाकडे, असा त्याचा प्रश्न होता. गायधनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सामना संपल्यावर फहादने थर्मासमधून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतून दिला. तो गायधनींना नेहमी आदराने मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, म्हणायचा. म्हणाला, मुहंदिस उदय, तुमचा इब्राहीम फार प्रामाणिक माणूस आहे, कुठे जाणार ते मला आधी सांगून मग जातो.

गायधनींना वाटलं, आपल्या खुणा फुटल्या. इंद्रनील कानाला, कोपराला, गुडघ्याला हात लावून कोण कुठे पळणार ते सांगायचा. त्या खुणा कुणीतरी पलीकडे पोचवल्या. दोन दिवस ते संघातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहत होते. मग त्यांनी सगळ्या खुणा बदलल्या. नव्या खुणा इतक्या अवघड झाल्या की पहिल्याच सरावात मनीष आणि इब्राहीम एकमेकांवर आदळले. आणि आठवड्याने खतवाल्यांशी पुन्हा खेळले तेव्हा फहाद पुन्हा आधीच उभा होता.

हा दुसरा सामना गायधनींच्या बायकोने, अनुराधाबाईंनी, मोबाइलवर टिपला होता. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नसे. नवरा एवढ्या मोठ्याने काय ओरडतो हे मुलीला पाठवायचं, एवढाच हेतू. शुक्रवारी संध्याकाळी गायधनी सोफ्यावर बसून तो व्हिडिओ मागेपुढे करत होते आणि दर वेळी त्याच जागी चरफडत होते. अनुराधाबाई चहाचा कप ठेवायला वाकल्या आणि सहज म्हणाल्या, "अहो, हे सगळे वळायच्या आधी मान का वळवतात?"

गायधनींनी पुन्हा लावलं. इब्राहीम सरळ धावत आला, मान उजवीकडे, मग पाऊल उजवीकडे. मनीष: मान डावीकडे, मग पाऊल. तिसरा हाशिर, हैदराबादचा गोदाम कारकून: त्याचंही तेच. मान आणि पाऊल यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. फहाद त्या सगळ्या वेळात इब्राहीमच्या कमरेकडे ढुंकूनही पाहत नव्हता. तो त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

सोमवारच्या सरावाला गायधनी तणतणत आले. वारा सुटला होता, दातांत वाळू कचकचत होती, त्याने राग आणखीच वाढला. त्यांनी तिघांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, वळण्याआधी तिकडे बघायची ही भिकार सवय तुम्हाला कोणत्या मूर्खाने लावली. मनीष गालातल्या गालात हसला. हाशिरने बुटाकडे पाहिलं. शेवटी इब्राहीमच बोलला.

"सर, तुमीच तं लावलाव," तो म्हणाला. "त्याबिगर गेटपास कुठं मिलतो?"

ते शंभर टक्के खरं होतं. नऊ वर्षांपूर्वी कारखान्यात मोहियुद्दीन नावाचा रिगर, म्हणजे जड सामान हलवणारा कामगार, अपघातात गेला. मुरूडचा माणूस, घरी दोन मुली. पाइपांच्या रांगेआडून एक पाऊल बाहेर टाकलं आणि समोरून अवजड लोडर येत होता, बस, एवढंच. पाइपाचं दुसरं टोक ज्याच्या खांद्यावर होतं तो इब्राहीम. मोहियुद्दीनची बॅग गायधनींनी स्वतःच्या हाताने भरून विमानात चढवली होती. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. कारखान्यात येणारा प्रत्येक नवा माणूस, साहेब असो की हेल्पर, त्यांच्या समोर आखलेल्या पट्ट्यांवरून चालायचा. प्रत्येक वळणावर आधी मान वळवायची, बघायचं, मगच पाऊल टाकायचं. ज्याचं पाऊल आधी पडलं तो पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि जमेपर्यंत गेटपास नाही. कुणाकुणाला नऊ-नऊ वेळा चालायला लागलं होतं. चार हजारांवर माणसं त्या पट्ट्यांवरून गेली आणि नऊ वर्षांत एकही मेलं नाही. गायधनींच्या केबिनमध्ये त्याबद्दलची काचेची ढाल होती. माणसांच्या अंगात ती मान इतकी मुरली होती की ते मॉलमध्येही तशीच वळवत, घरी न्हाणीघरात शिरतानाही.

आता हीच मान मोडायची होती, आणि हातात होते चार आठवडे.

आधी त्यांनी नॅपकिनचा प्रयोग केला. प्रत्येकाने हनुवटीखाली नॅपकिन दाबून पळायचं. मान वळली की नॅपकिन पडणार. तीन बाप्ये हनुवट्या छातीला टेकवून मैदानभर पळताना पाहून शेजारी क्रिकेट खेळणारी केरळी मंडळी खेळ थांबवून बघायला आली. नॅपकिन कुणाचा पडला नाही, पण चेंडूही कुणाला झेलता आला नाही, कारण वर कुणी बघतच नव्हतं. गायधनींनी डोक्याला हात लावला.

तोड मनीषने काढली. मनीष मुंबईचा, कारखान्यातली मीटरं सांभाळणारा इन्स्ट्रुमेंटवाला, डोक्याने तल्लख आणि जिभेने फटकळ. म्हणाला, मान मोडत नसेल तर मोडू नका ना, खोटी वळवू. बघायचं डावीकडे, जायचं उजवीकडे. फहाद तोंडाकडे बघतो ना? बघू दे.

गायधनींनी त्याला मिठीच मारली. त्या दिवसापासून तीन आठवडे तेवढंच चाललं. मान डावीकडे, पाऊल उजवीकडे. मान उजवीकडे, पाऊल डावीकडे. सुरुवातीला पाय अडखळले, एकदा हाशिर स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. गायधनी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. पुन्हा, पुन्हा, अजून शंभर वेळा. जिथे बघाल तिथे जायचं नाही, हे अंगात भिनलं पाहिजे, असं ते म्हणायचे. इब्राहीमला ते सगळ्यांत आधी साधलं. लहानपणी राजापूरच्या खाडीकाठी पळालेला माणूस, अंगाला शिकवलं की अंग विसरायचं नाही.

उपांत्य सामन्यात त्याचं फळ मिळालं. इब्राहीमने डावीकडे मान टाकली आणि समोरचा डिफेंडर जिवाच्या आकांताने डावीकडे झेपावला. इब्राहीम उजव्या कोपऱ्यात एकटा उभा राहून चेंडूची वाट पाहत होता. असं चार वेळा झालं. गायधनी कडेला नाचले. सत्तावन्नाव्या वर्षी, सेफ्टीचं जॅकेट घालून, सगळ्यांसमोर नाचले. पलीकडच्या कडेला फहाद हाताची घडी घालून सामना बघत उभा होता आणि त्याच्याकडे पाहून गायधनींनी हातही हलवला. फायनल पुढच्या शुक्रवारी, त्याच्याशीच.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या वॉकीटॉकीवर हाक आली. वर्कशॉपमागच्या कोपऱ्यावर नियर मिस. म्हणजे अपघात होता होता टळला. गायधनी धावत पोचले तेव्हा इब्राहीम पालथ्या बादलीवर बसून पाणी पीत होता. तो परांच्या बांधणाऱ्या टोळीचा फोरमन. परांचीवरून उतरून कोपरा वळला आणि समोर फोर्कलिफ्ट. बाबाजी नावाच्या ओडिया ड्रायव्हरने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली होती. फोर्कलिफ्टच्या पात्याचं टोक इब्राहीमच्या जॅकेटच्या खिशात शिरून खिसा फाडून गेलं होतं. आतल्या पेन्सिलीचे दोन तुकडे झाले होते. इब्राहीमच्या बरगडीला ओरखडाही नव्हता.

इब्राहीम म्हणाला, माझं ध्यान नव्हतं, चूक माझी. गायधनी त्याच्यावर खेकसणारच होते. पण बाबाजीने मान हलवली.

"ध्यान था साब," तो म्हणाला. "देखा था इसने, मैंने खुद देखा. उधर देखा, और पैर इधर डाला."

गायधनींनी इब्राहीमकडे पाहिलं, इब्राहीमने पाण्याच्या बाटलीकडे. दोघांनाही कळलं होतं.

नियर मिसचा फॉर्म भरायचं काम गायधनींचंच. कुठे, केव्हा, कोण, हे रकाने भराभर भरले. मूळ कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला. खरं लिहायचं तर काय लिहायचं? की सेफ्टी इंजिनियरने स्वतः, संध्याकाळी शिट्टी वाजवून, तीन आठवडे माणसाला बघायचं एकीकडे आणि जायचं दुसरीकडे शिकवलं? संघ त्याच दिवशी बंद झाला असता. फायनल गेली असती. निघायला दोन महिने उरले असताना काचेच्या ढालीचं हसं झालं असतं. त्यांनी लिहिलं, ‘कामगाराचे दुर्लक्ष’. असे दोन शेरे एका वर्षात पडले की गेटपास रद्द होतो, हे त्यांना माहीत होतं. आणि एकच तर आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. इब्राहीमने न वाचता सही केली. फॉर्म आठवडाभर उघडा राहायचा, मग कायमचा बंद व्हायचा. त्या दिवशी घरी आमटीत मीठ कमी आहे म्हणून गायधनींनी ताट बाजूला सारलं. मीठ बरोबर होतं.

पण सोमवारच्या सरावाला त्यांनी सांगून टाकलं, की खोटी मान बंद. आजपासून जिथे जायचं तिथेच बघायचं. मनीष भडकला. चार दिवसांवर फायनल आणि आता नियम बदलता, म्हणाला. फहादला एकदा तरी हरवायचंय म्हणून तुम्हीच आमचा जीव काढलात ना? कारण विचारलं तर गायधनी नुसते, मी सांगतो म्हणून, एवढंच म्हणाले. त्यांना स्वतःचाच इतका राग आला होता की तो दुसऱ्या कुणावर तरी काढल्याशिवाय राहवत नव्हतं. इब्राहीम एकटा मैदानाच्या टोकाला जाऊन वळणं घेत राहिला. मान, मग पाऊल.

शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, फायनल सुरू झाली, आणि पहिल्या अर्ध्या तासात एक गंमत झाली. फहादने उपांत्य सामना पाहिला होता. ही माणसं आता खोटं बघतात, हे त्याने पक्कं धरलं होतं. त्यामुळे इब्राहीमने उजवीकडे पाहिलं की फहाद डावीकडे सुटायचा, आणि इब्राहीम मुकाट्याने उजवीकडेच जाऊन चेंडू झेलायचा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन दोन टचडाउन असे झाले. गायधनींना हसावं की रडावं कळेना. मध्यंतरापर्यंत ते सात गुणांनी पुढे होते.

मध्यंतरानंतर फहाद शहाणा झाला. इब्राहीम पुन्हा प्रामाणिक झालाय, हे त्याने ओळखलं आणि मग एकही चेंडू त्याने इब्राहीमला लागू दिला नाही. मनीषने कसाबसा एक टचडाउन केला, पण तिकडे खतवाल्यांनी दोन केले. शेवटचा एक डाव उरला तेव्हा गुण होते एकोणीस-वीस. टचडाउनची रेष दहा यार्डांवर. चेंडू झेलून रेषेपलीकडे गेलं की स्पर्धा जिंकली, नाहीतर संपलं. सहा वर्षं या दहा यार्डांवर येऊन थांबली होती.

इंद्रनीलने सगळ्यांना जवळ घेतलं. मनीष हातवारे करून काहीतरी पटवत होता. काय ते गायधनींना कडेवरूनही कळत होतं. फहाद आता इब्राहीमच्या मानेवर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. एकच खोटी मान. एकदाच. उजवीकडे बघ आणि डावीकडे जा, तो वीस हात लांब राहील. घोळका फुटला आणि इब्राहीम आपल्या जागी जाता जाता थांबला. त्याने कडेला उभ्या गायधनींकडे पाहिलं आणि हाताने स्वतःच्या मानेला स्पर्श केला. खोटी वळवू का, असं तो विचारत होता.

गायधनींनी नको म्हणायला हवं होतं. डोकं दोनदा हलवायचं, एवढंच काम. पण एकदाच तर, असं त्यांच्या आत कुणीतरी ओरडत होतं. एका वेळेने कुणाची सवय बिघडते? त्यानंतर हवं तर आयुष्यभर नीट बघू दे. त्यांना हो म्हणवलं नाही आणि नकोही म्हणवलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

चेंडू निघाला. इब्राहीम सरळ फहादच्या अंगावर धावला, पाच पावलं, अगदी गायधनींनी शिकवलं तसा. मान उजवीकडे वळली. पाऊल उजवीकडे पडलं. फहाद तिथे होता. चेंडूला त्याची बोटं लागली, चेंडू वाळूत पडला आणि पंचाने दोन्ही हात हलवून सामना संपल्याचं सांगितलं.

गायधनींनी शिट्टी मैदानात भिरकावली. इंद्रनीलला म्हणाले, तुझा चेंडू उशिरा सुटला. हाशिरला म्हणाले, तू मध्ये का उभा राहिलास. इब्राहीमकडे पाहिलंही नाही. फहाद हात मिळवायला आला आणि पुन्हा तेच म्हणाला, तुमचा माणूस फार प्रामाणिक आहे. गायधनींना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. गाडीत अनुराधाबाई मोबाइल पालथा घालून मांडीवर धरून बसल्या होत्या.

शनिवार त्यांनी पडून काढला. रविवारी सहालाच कारखान्यात आले आणि कारण नसताना वर्कशॉपमागच्या त्या कोपऱ्यापाशी चहाचा कागदी कप घेऊन उभे राहिले. राग तसाच होता. एक गुण, फक्त एक गुण. थोड्या वेळाने परांचीवाल्यांची टोळी आली, बारा माणसं खांद्यावर नळ्या घेऊन एकामागून एक. कोपऱ्यावर आल्यावर प्रत्येकाची मान वळली, मग पाऊल पडलं. सगळ्यांत शेवटी इब्राहीम होता. नव्या जॅकेटचा खिसा शाबूत होता. त्याने माणसांना पुढे जायला सांगितलं आणि तो थांबला.

"सर, रागावलाव?"

"हो," गायधनी म्हणाले. "खूप. खोटं कशाला बोलू?"

इब्राहीम हसला नाही. म्हणाला, मी तुम्हाला विचारलं होतं.

"मी नको म्हणालो नव्हतो," गायधनी म्हणाले. एवढे चार शब्द बोलायला त्यांना शनिवारचा सगळा दिवस लागला होता.

"म्हाईत हाय. तुमी खाली बघितलाव. तवाच कललं, तुमास काय हवाय ते."

"मग?"

इब्राहीमने खांद्यावरची दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमी मार्चात घरी जानार, सर," तो म्हणाला. "मना ह्या कोपऱ्यावरनं रोज जायचा हाय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. तो टोळीमागे निघून गेला. गायधनींच्या हातातला चहा निवला होता. चार हजार माणसांना त्यांनी त्या पट्ट्यांवरून चालवलं होतं, आणि पाळी आली तेव्हा जे त्यांना जमलं नाही ते इब्राहीमने करून दाखवलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. हरल्याचा राग गेला नाही, तो तसाच राहिला, पण लाज त्याहून मोठी होती.

केबिनमध्ये येऊन त्यांनी संगणक लावला. फॉर्म दुपारी बारा वाजता बंद होणार होता. ‘कामगाराचे दुर्लक्ष’ हे शब्द त्यांनी खोडले. त्या जागी लिहिलं, की कामगाराला तीन आठवडे चुकीची सवय लावण्यात आली. सवय लावणारा, उदय गायधनी, सेफ्टी विभाग. कामगाराने ती स्वतः मोडली. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पाठवून दिलं.

दहाव्या मिनिटाला मॅनेजरचा फोन वाजला. गायधनींनी घसा खाकरला आणि उचलला.